मँडोलिनचा जन्मदाखला

वस्तूचं वय सांगणाऱ्यांची आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कमी नाही. सिरोंचा तालुक्यात वडधमला दगडात अडकलेली हाडं आणि झाडं सापडली, ती ज्युरासिक काळातली, असं शास्त्रज्ञांनी सांगून टाकलं आणि तिथे जीवाश्म उद्यान झालं. मार्कंड्याच्या देवळांचं शतक सांगणारे अभ्यासक आहेत. आलापल्लीच्या जंगलात सागाचा बुंधा आडवा कापला की त्याच्या तोंडावरची वर्तुळं मोजून झाड किती वर्षं उभं होतं ते कळतं, आणि हे काम इथला वनमजूर विडी ओढता ओढता करतो. अशा जाणत्या मुलखात माझ्याकडे एक मँडोलिन आहे. कारखान्यात बनलेलं, स्वस्तातलं, पन्नाशीच्या आतबाहेरचं. त्याचं वय कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे सांगतात सगळेच, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

हे वाद्य एका ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेलं आहे. एके काळी गणपतीत आणि शारदा उत्सवात गावोगावी ऑर्केस्ट्रा असायचे, त्यात कोपऱ्यात एक मँडोलिनवाला बसलेला असे. पुढे कीबोर्ड आला. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की मँडोलिन. बटणाला मानधन द्यावं लागत नाही आणि रात्रीच्या जेवणात ते रस्सा आणखी मागत नाही, तेव्हा मँडोलिनवाले घरी गेले आणि मँडोलिनं माळ्यावर. असंच एक माळ्यावरून खाली आलं ते माझ्याकडे. विकणाऱ्या गृहस्थांनी धूळ पुसता पुसता सांगितलं, "इम्पोर्टेड होय जी. आता असा माल भेटत नाई." पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेल्या मराठी वर्तमानपत्राकडे त्यांचं लक्ष नसावं.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न वयाचा नव्हता, ओळखीचा होता. शेजारच्या काकाजींनी विचारलं, "हे काय होय जी, गिटारचं पिल्लू?" दूधवाल्याने ते बेंजो ठरवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण वरातीत आणि गणपतीत आपण ज्याला बेंजो म्हणतो तेही मुळातलं बेंजो नव्हेच. ते जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली तारांवर टाइपरायटरच्या बटणांसारखी बटणं बसवून ते तयार केलं, आणि फिरत फिरत ते बुलबुलतरंग होऊन आपल्या मिरवणुकीत शिरलं. पंचेचाळिशीच्या आतल्यांना मात्र मँडोलिन चटकन ओळखता येतं, कारण १९९५ साली शाहरुख खान ते घेऊन मोहरीच्या शेतात उभा राहिला. त्यापेक्षा वयस्कर मंडळी सज्जाद हुसेनचं नाव घेतात. 'संगदिल'चा हा संगीतकार मँडोलिनवर मींड काढत असे, जी या वाद्यावर निघत नाही असं बाकी सगळे वादक शपथेवर सांगत. आणखी जुने असतील तर ते म्हणतात, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधला आपला लक्ष्मीकांत कुडाळकर पोरवयात मँडोलिनच वाजवायचा. एवढं सगळं बोलून झालं की प्रत्येक जण ते हातात घेतो, एक तार छेडतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "जुनं दिसते. केव्हाचं होय?"

आता वयाकडे येऊ.

विकणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या लग्नाच्या आधीचं." लग्न केव्हाचं? "गोदावरीचा मोठा पूर आला ना, त्याच्या दोन वर्षं पहिले." गोदावरीचा मोठा पूर म्हणजे १९८६, हे सिरोंच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा मँडोलिन १९८४ च्या आधीचं. आमच्याकडे हीच कालगणना चालते आणि ती शाळेच्या दाखल्यापेक्षा भरवशाची आहे. शाळेच्या दाखल्यावर आमच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मली आहेत, कारण नाव घालायला बापाबरोबर गेलेल्या पोराची उंची बघून गुरुजींनी साल ठरवलं आणि तारीख स्वतःच्या सोयीची घातली. पुरात असली सोय नसते. तो आला तेव्हाच आला.

पण साक्षीदाराच्या जबानीवर थांबायचं नाही म्हणून पंचनामा सुरू केला. मँडोलिनच्या पोटाला लंबगोल भोक आहे. त्यातून मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं तर आत लेबल. कसरीने त्यातला कारखान्याचा भाग खाल्लेला, "अँड सन्स" तेवढं ठेवलेलं. बाप कोण ते कळत नाही, मुलं होती एवढं निश्चित. खाली "कलकत्ता" आणि त्यापुढे सातने सुरू होणारे सहा आकडे. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी पत्ता "कलकत्ता-१२" अशा धाटणीचा असे. तेव्हा हे लेबल त्या तारखेच्या आधीचं असूच शकत नाही. आणि कोलकाता हे नाव अधिकृत झालं २००१ साली, तेव्हा त्यानंतरचंही नसावं. एवढ्यानं एकोणतीस वर्षांचा पट्टा मिळाला. वडधमच्या दगडांच्या हिशेबात हे अगदी नेमकं उत्तर आहे, पण मँडोलिनच्या बाबतीत लोक समाधान मानत नाहीत.

तेवढ्यात मागच्या बाजूला, मानेच्या मुळाशी, एक जांभळा शिक्का दिसला. विकणाऱ्या दुकानाचा. दुकानाचं नाव घासून गेलेलं, पण पत्ता शाबूत: "वडसा, जि. चंद्रपूर".

वाचकांपैकी जे या भागातले आहेत ते आत्ताच खुर्चीत सरसावून बसले असतील. वडसा, म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात आहे. आणि गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी ते चंद्रपूरचंच गाव. झालं! खालची मर्यादा १५ ऑगस्ट १९७२, वरची २६ ऑगस्ट १९८२. दहा वर्षं आणि अकरा दिवस. शासनाने पत्ते बदलून इतिहासकारांवर जे उपकार केले आहेत त्यांची जाहीर नोंद व्हायला हवी. आमच्या भागात तर फारच. चंद्रपूरचा एखादा दुकानदार जागचा न हलता आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, मग मध्यप्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. साठच्या दशकात त्याच्या चांद्याचं चंद्रपूर झालं. या सगळ्या काळात त्याने फक्त गल्ला पुसला आणि उदबत्ती लावली. पण त्याच्या पावत्या एकापुढे एक मांडल्या तर प्रत्येकीचं दशक सांगता येतं. किमतीत आणे असतील तर साधारण १९५७ च्या आधीची, "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४, टिन नंबर असेल तर २००५ नंतरची आणि जीएसटी असेल तर आपल्या सर्वांच्या आठवणीतली.

मी हा निष्कर्ष काकाजींना ऐकवला. काकाजी चाळीस वर्षं तहसील कचेरीत काढून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "शिक्का रबराचा होय ना?" हो म्हटलं. "मंग व्यापारी रबर झिजल्याशिवाय नवा शिक्का करते का?" मी गप्प. जिल्हा बदलला म्हणून बारा रुपयांचा शिक्का फेकून देणारा व्यापारी वडशात जन्मायचा आहे, हे मलाही मान्य करावं लागलं. पुढे तेच म्हणाले, "लेबल तं छापखान्यात हजारानं छापते. संपेपर्यंत चिपकवते." म्हणजे लेबल मँडोलिनपेक्षा जुनं, आणि शिक्का जिल्ह्यापेक्षा जुना. १९८२ ची भक्कम भिंत काकाजींनी दोन वाक्यांत पाडली. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसापुढे कोणताही कागद पुरावा म्हणून ठेवू नये.

एक पुरावा अजून शिल्लक होता. लेबलाच्या बाजूला, लाकडावर पेन्सिलीने "४७" लिहिलेलं होतं. यावर आमच्या गल्लीत तीन तट पडले. एका देशभक्त गटाने हे मँडोलिन स्वातंत्र्याच्या वर्षी बनलं असं जाहीर केलं आणि पिनकोडाचा मुद्दा त्यांनी ऐकूनच घेतला नाही. दुसऱ्या गटाच्या मते ती मूळ किंमत. तिसऱ्या गटात एकटा सुतार होता. तो म्हणाला, कारागिराने त्या दिवशी केलेल्या नगांचा तो आकडा; रोजीचा हिशेब असा आतच लिहितात, बाहेर लिहिला तर पॉलिशवाला मिटवतो. मला सुताराचं पटतं. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

असल्या बाबतीत अमेरिकेतल्या लोकांचं नशीब मोठं. गिब्सन कंपनीत लॉइड लोअर नावाचा गृहस्थ होता. त्याने १९२२ ते १९२४ या काळात पास केलेल्या उंची मँडोलिनांत सहीचं लेबल लावलं आणि त्यावर तारीखसुद्धा घातली. बिल मन्रो या तिकडच्या थोर वादकाचं मँडोलिन ९ जुलै १९२३ चं. महिना नाही, साल नाही, तारीख! त्या सहीची मँडोलिनं आज लाख डॉलरच्या वर जातात. बरं, ते श्रीमंतांचं झालं. पण शिकागोची हार्मनी कंपनी तर गरिबांसाठी वाद्यं काढायची, त्यांच्याही पोटात शाईचा शिक्का असे: एस किंवा एफ असं एक अक्षर आणि पुढे सालाचे आकडे. स्वस्तातल्या वाद्यालाही जन्मदाखला. आपल्याकडे मिरजेच्या सतारीला घराणं आहे, सतारमेकरांच्या पिढ्या आहेत, २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मँडोलिन मात्र अनाथाश्रमातून आल्यासारखं येतं, "अँड सन्स" एवढाच काय तो वंशवृक्ष.

सागाची वर्तुळं मोजावी म्हटलं, तर तेही नाही. युरोपात जुन्या व्हायोलिनांच्या पाटीवरच्या रेषा मोजून त्या लाकडाचं साल काढतात. माझ्या मँडोलिनची पाटी प्लायची आहे. प्लायला वर्तुळं नसतात, थर असतात, आणि ते तीन आहेत. बल्लारशाच्या डेपोतला साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेला. त्याच मुलखात राहून माझ्या वाद्याच्या नशिबी तीन थरांचा प्लाय.

वयाचा नाद इथे सोडला, कारण दरम्यान मी ते वाजवून पाहिलं होतं.

कारखान्यातलं स्वस्त मँडोलिन हे पूर्ण झालेलं वाद्य नसतं, हे ते घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. कारखाना त्याला आकार देतो, पॉलिश देतो, आठ तारा बांधतो आणि सोडून देतो. ते वाजेल असं करणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. तारा आठ, पण सूर चार. प्रत्येक सुराला दोन तारा शेजारी शेजारी. व्हायोलिनचेच चार सूर, जी डी ए ई. आठही तारा नीट ताणल्या की त्यांचा मिळून जोर सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातो. म्हणजे नागभीडच्या दादाजी खोब्रागड्यांच्या एचएमटी तांदळाचं एक भरलेलं पोतं आणि वर अर्धं, एवढा भार त्या तीन थरांवर चोवीस तास. एवढा भार सोसून ते जर थोडं वाकलं असेल, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

माझ्या मँडोलिनच्या वरच्या पडद्यांवर तारा इतक्या उंच होत्या की खालून टाचणी नव्हे, खिळा गेला असता. दाबताना बोटांना चर पडत. खालच्या पडद्यांवर सूर बरा लागे, पण वर सरकत जावं तसा तो चढत जाई, आणि बाराव्या पडद्याला पोचेपर्यंत षड्जाने ओळख दाखवायचं बंद केलेलं असे. मी ते वडशाला एका ऑर्गन मास्तरांकडे नेलं.

वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळी झाली की इथल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडायचा आणि पहाट होईपर्यंत पडायचा नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटकाच्या रंगमंचासमोर वादक बसतात आणि त्यांच्यात ऑर्गनवाल्या मास्तरांचा मान मोठा. मँडोलिन काही या मंडळींचं रोजचं वाद्य नव्हे. पण रात्रभर दुसऱ्याच्या गळ्याला सूर देऊन ज्याचे कान तयार झालेत, त्याला वाद्य कोणतं आहे याने फरक पडत नाही.

मास्तरांनी मँडोलिन मांडीवर घेतलं, वाजवलं नाही. आधी घोडी हलवून पाहिली. घोडी म्हणजे ज्या लाकडी पट्टीवरून तारा जातात ती. ती हलली नाही. मास्तरांचा चेहरा पडला.

"याची घोडी कोनं चिपकवली जी?"

मी म्हटलं, आधीच्या मालकांनी बहुतेक मिस्त्रीकडून फेव्हिकॉलने बसवून घेतली असावी. सरकत होती म्हणून.

"सरकाले तं पायजे ना ते! चिपकवली का मेली."

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मँडोलिनच्या दुरुस्तीचं सगळं सार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते आणि तिची जागा वाजवणाऱ्याने शोधायची असते. कशी? बाराव्या पडद्यावर, अगदी पट्टीच्या वर, तारेला बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडायची. वरच्या सप्तकातला पातळ, स्वच्छ सूर येतो. मग त्याच बाराव्या पडद्यावर तार दाबून छेडायची. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे, तारा बांधल्या आहेत त्या बाजूला सरकवायची. उतरलेला आला तर पुढे, मानेकडे. सरकवायची म्हणजे किती? मास्तरांनी अंगठ्याच्या नखाने ढकलली आणि ती सरकली हे मला दिसलं नाही, ऐकू आलं. जाड तारांच्या बाजूला घोडी थोडी जास्त मागे जाते, बारीक तारांच्या बाजूला कमी, म्हणून शेवटी ती किंचित तिरकी उभी राहते. ती तिरकी दिसते म्हणून कुटुंबातलं कोणीतरी ती साफसफाईत सरळ करतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हा अनुभव माझा एकट्याचा नसावा.

पण हे पुढचं. आधी घोडी उपटायची होती. मास्तरांनी गरम पाणी मागवलं, फडक्याचा बोळा केला आणि तो घोडीच्या पायाशी धरून बसले. कडेने पातळ पातं घातलं. फेव्हिकॉलने बराच वेळ आपलं ब्रीद राखलं. शेवटी टक् असा आवाज झाला आणि घोडी सुटली, तिच्याबरोबर पॉलिशचा रुपयाएवढा पापुद्रा आला. मास्तर म्हणाले, "आता हे मोकळं झालं." मला वाटतं त्यांना घोडीबद्दल म्हणायचं होतं.

तारांची उंची कमी करायला घोडी खालून घासायची. सँडपेपर वाद्याच्या पाटीवरच उलटा ठेवायचा आणि घोडी त्यावर पुढेमागे घासायची, म्हणजे तिचे पाय पाटीच्या उंचसखलपणाला बरोबर बसतात. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत दीड-दोन मिलिमीटर राहिले की थांबायचं. घाई करून जास्त घासली तर तारा पडद्यांवर खरखरतात, आणि घासलेलं लाकूड परत लावता येत नाही. मानेच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचाही खोल कराव्या लागतात. त्यासाठी बारीक कानशी लागते, आणि बारीक कानशी असते घड्याळजीकडे. चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या एका घड्याळजीकडे गेलो. आजकाल त्यांच्याकडे लोक फक्त सेल बदलायला येतात. आठ खाचा म्हटल्यावर त्याने भिंग डोळ्याला लावलं, दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाईकांना थांबायला सांगितलं आणि असं मन लावून काम केलं की पैसे घेताना त्यालाच संकोच झाला. मी म्हटलं, किती झाले? तो म्हणाला, "घड्याळ असतं तं सांगितलं असतं."

एवढं करून मँडोलिन सुरात आलं. राहिलं मात्र नाही, कारण इथलं हवामान. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो. तारा तापून सैलावतात, सूर उतरतो. लाकडाची पट्टी आकसते, पण पडदे पितळेचे, ते कुठे आकसणार? त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकवताना करवतीचं काम करतात. मग आपण कूलर लावतो. खसाचं ओलं वारं वाद्यावर तासन्‌तास आलं की लाकूड फुगतं, पाटी वर येते, तारा पुन्हा उंच. जूनमध्ये पाऊस. तारा गंजतात, आणि गंजलेल्या जोडीतल्या दोन तारा कधीही एक सूर लावत नाहीत. डिसेंबरात पहाटे थंडी पडली की तारा आखडून सूर उलट चढतो. मास्तर म्हणतात, म्हणूनच ऑर्गन बरा, पहाटे तीनलाही रात्री दहाचाच सूर देतो.

इथे मात्र प्लायने आपली लाज राखली. अखंड लाकडाची उंची वाद्यं असल्या उन्हाळ्यात तडकतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसे हलत नाहीत. लाख डॉलरचं लोअर-सहीचं मँडोलिन चंद्रपूरच्या घरात कूलरसमोर एक मे महिना काढू शकेल का, याची मला शंका आहे. माझं "अँड सन्स"वालं किती उन्हाळे काढून बसलंय ते सांगता येत नसलं, तरी बरेच काढलेत.

तरी जोड्यांचा त्रास उरतोच. दोन तारा एका सुरात लावायच्या. पहिली लावली की दुसरी, दुसरी लावताना मान थोडी ओढली जाते आणि पहिली उतरते. आंध्रातल्या पालकोल्लूचा यू. श्रीनिवास हा कर्नाटक संगीताचा चमत्कार. त्याने विजेचं मँडोलिन घेतलं, जोड्याच मोडून टाकल्या आणि पाच एकट्या तारा ठेवल्या. लोक याला प्रतिभा म्हणतात. रोज सकाळी आठ तारा लावणारा माणूस म्हणून मी याला अक्कल म्हणतो.

हल्ली मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप असतं. काटा मध्यात आला की हिरवा दिवा. मी मास्तरांना ते कौतुकाने दाखवलं. त्यांनी दिवा हिरवा होऊ दिला, मग तार अगदी थोडी उतरवली आणि म्हणाले, "आता आयका." दिवा लाल झाला होता आणि सूर लागला होता. त्यांच्या ऑर्गनशी.

तर या लेखाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर असं मँडोलिन असेल, तर त्याचं साल विचारत बसू नका. चारशे-पाचशेच्या नव्या तारा आणा आणि एकदम सगळ्या न काढता एकेक बदला, म्हणजे घोडी पडणार नाही. बारावा पडदा तपासा, घोडी नखाने सरकवा. खाचांसाठी घड्याळजीकडे जा, त्यालाही बरं वाटेल. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. वाद्य पेटीत ठेवा, कूलरपासून लांब. आणि घोडी सरकते म्हणून घरातलं कोणी मिस्त्रीला बोलावलंच, तर त्याला चहा पाजा, पान द्या, आणि फेव्हिकॉलच्या डब्यासकट परत पाठवा.